वाचक विचारतात : सा-पमध्ये लावलेली गिटार

गिटारच्या तारा नेहमीच्या पद्धतीने लावल्या की जाड तारेकडून पातळ तारेकडे ई, ए, डी, जी, बी, ई असे स्वर मिळतात. काहीही न दाबता सगळ्या तारा एकदम छेडल्या तर त्यातून कुठलीच स्पष्ट कॉर्ड उमटत नाही. ओपन ट्यूनिंगमध्ये मोकळ्या तारांतूनच एक अख्खी कॉर्ड किंवा सा-पचा भरणा वाजतो. या विषयावर आलेल्या पत्रांतले निवडक प्रश्न इथे घेतले आहेत. उत्तरांत सहावी तार म्हणजे सर्वांत जाड आणि पहिली म्हणजे सर्वांत पातळ. कॉर्डचे आकडे सहावीकडून पहिलीकडे वाचायचे. ० म्हणजे मोकळी तार, × म्हणजे ती तार वाजवायची नाही.

प्रश्न (सातारा) : नेहमीच्या ट्यूनिंगमध्ये साथ करण्याइतकी गिटार येते. ओपन ट्यूनिंगची सुरुवात कुठून करावी?

ओपन जीपासून. यात तीनच तारा हलवायच्या असतात आणि त्या तिन्ही उतरवायच्या असतात, त्यामुळे तार तुटण्याची भीती नाही. सहावी ईवरून डीवर, पाचवी एवरून जीवर, पहिली ईवरून डीवर. म्हणजे प्रत्येकी दोन सेमीटोन (एक सेमीटोन म्हणजे एका पडद्याचं अंतर) खाली. डी, जी, डी, जी, बी, डी असा क्रम तयार होतो.

ट्यूनर नसला तरी अडत नाही, कारण ज्या तारांना हात लावायचा नाही त्यांच्याशीच जुळवून घेता येतं. सहावी तार चौथीच्या खालच्या सप्तकात लावा, पाचवी तिसरीच्या खालच्या सप्तकात आणि पहिली चौथीच्या वरच्या सप्तकात. दोन्ही तारा एकत्र छेडल्यावर आवाजात जी लाट ऐकू येते, ती मंदावत जाऊन थांबली की तार लागली.

जीला सा धरला तर तारा प, सा, प, सा, ग, प अशा बोलतात. सर्वांत जाड तार पंचमाची आहे हे विसरू नका. जीची कॉर्ड सहावीपासून झोडपली तर पाया डळमळीत वाटतो, म्हणून पाचवीपासून सुरुवात करा. ‘रोलिंग स्टोन्स’चे कीथ रिचर्ड्स याच कारणाने सहावी तार काढूनच टाकतात आणि पाच तारांवर ओपन जी वाजवतात.

पाचव्या पडद्यावर एका बोटाने आडवी पट्टी धरली की सी, सातव्यावर डी. पण सगळं वादन पट्ट्यांवर केलं तर ते लवकरच एकसुरी होतं. म्हणून या चार कॉर्ड आधी बसवा : ए मायनर × २ २ २ १ २, सी × ० २ ० १ २, ई मायनर २ × २ ० ० २, डी सेव्हन ० × ० २ १ ०. शेवटच्या कॉर्डमध्ये एफ शार्प नाही, तरी साथीला ती व्यवस्थित चालते.

चौथी, तिसरी आणि दुसरी तार बदललेली नसल्यामुळे त्यांवरच्या तुमच्या जुन्या जागा तशाच राहतात. चूक होते ती उरलेल्या तीन तारांवर. तिथे प्रत्येक स्वर आता दोन पडदे पुढे सरकला आहे आणि बोटं सवयीने जुन्या घरात पडतात. या तीन तारांवर सरगम संथ लयीत रोज फिरवली की हात सरावतो.

प्रश्न (ठाणे) : एक तार लावून दुसरीकडे वळावं तर पहिली पुन्हा सरकलेली. गिटार खराब आहे का?

बहुधा नाही. १२ च्या सेटमधल्या (ज्यात पहिली तार ०.०१२ इंच जाडीची असते) सहा तारा मिळून मानेवर साधारण ७० ते ७५ किलोचा ताण देत असतात. मान त्या ताणाखाली किंचित वाकलेली असते. तार दोन सेमीटोन उतरवली की तिचा ताण सुमारे २१ टक्क्यांनी कमी होतो, एक सेमीटोन उतरवली तर ११ टक्क्यांनी. काही तारा सैल झाल्या की मान थोडी सरळ होते आणि ज्या तारांना तुम्ही हातही लावला नाही त्या चढतात. म्हणून ट्यूनिंग नेहमी दोन फेऱ्यांत करा. पहिल्या फेरीत सगळ्या बदलायच्या तारा ढोबळमानाने जागेवर आणा, पाच मिनिटं वाजवा, मग दुसऱ्या फेरीत सहाही तारा बारकाईने लावा.

स्वर कायम खालून वर येत पकडावा. तार उतरवताना ती हव्या स्वराच्या थोडी खाली न्या, बोटाने एकदा हलकेच ओढा आणि मग खुंटी पिळत वर आणा. नुसती उतरवून स्वरावर थांबवली तर नट (मानेच्या टोकाची खाचांची पट्टी) आणि खुंटी यांच्यामधल्या तुकड्यात ढिलाई साचून राहते. दोन-चार जोरदार फटके मारले की ती निसटते आणि तार उतरते.

खुंटी फिरवताना नटजवळ ‘टिक्’ असा आवाज येऊन स्वर एकदम उडी मारत असेल तर तार नटच्या खाचेत अडकते आहे. तार बाजूला करून खाचेत साध्या शिसपेन्सिलीची भुकटी भरा. खुंटीवर पातळ तारेचे तीनेक आणि जाड तारेचे दोन-अडीच वेढे पुरेत, जास्त वेढे हळूहळू सैलावत राहतात.

मोबाइलवरचा ट्यूनर ‘गिटार’ या पर्यायावर असेल तर तो तुम्हाला परत ईकडेच ओढेल. तो ‘क्रोमॅटिक’वर ठेवा. खालचा डी ७३.४ हर्ट्झचा असतो आणि मोबाइलच्या माइकला तो नीट पकडता येत नाही. अशा वेळी बाराव्या पडद्याच्या धातूच्या पट्टीच्या बरोबर वर तारेला बोट नुसतं टेकवून हार्मोनिक (न दाबता निघणारा वरचा स्वर) वाजवा, म्हणजे काटा स्थिर होतो.

प्रश्न (कोल्हापूर) : ओपन ई लावताना चौथी तार तुटली. दुसरी जाड तार घालू का?

जाड तार घालून प्रश्न वाढेल. ओपन ई म्हणजे ई, बी, ई, जी शार्प, बी, ई. त्यासाठी पाचवी आणि चौथी तार दोन-दोन सेमीटोन, तर तिसरी एक सेमीटोन चढवावी लागते. दोन सेमीटोन चढवले की त्या तारेचा ताण २६ टक्क्यांनी वाढतो, एक चढवला की १२ टक्क्यांनी. १२ च्या सेटवर एकूण ताणात आठेक किलोची भर पडते, ओपन एमध्ये ती दहा किलोच्या आसपास जाते. हा भार तार नाही तर ब्रिज (फळीवर चिकटवलेली, तारा अडकवायची पट्टी) सोसतो. ब्रिजच्या मागच्या कडेखाली कागदाची पातळ पट्टी सरकते का ते पाहा. सरकत असेल तर तिथला डिंक सुटू लागला आहे. दुरुस्ती होईपर्यंत सगळ्याच तारा सैल ठेवा.

ओपन ई हवंच असेल तर ओपन डी लावून दुसऱ्या पडद्यावर कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबून धरणारा चिमटा) चढवा, तेच स्वर मिळतील. ओपन एसाठी ओपन जी आणि दुसऱ्या पडद्यावर कॅपो. ओपन डीसाठी सहावी डीवर, तिसरी जीवरून एफ शार्पवर, दुसरी बीवरून एवर आणि पहिली डीवर उतरवा. पाचवी आणि चौथी जशाच्या तशा. सरगममध्ये हे सा, प, सा, ग, प, सा होतं, आणि आमच्या मते भारतीय कानाला सर्वांत आधी आपलंसं वाटणारं ट्यूनिंग हेच आहे.

प्रश्न (पुणे) : घरच्या भजनाच्या बैठकीत बहीण काळी चारमध्ये आणि काका काळी एकमध्ये गातात. दोघांना एकाच गिटारवर ओपन ट्यूनिंगने साथ कशी करावी?

आधी पट्टीचं भाषांतर करून घेऊ. हार्मोनियमची पांढरी एक म्हणजे सी, काळी एक सी शार्प, पांढरी दोन डी, पांढरी पाच जी, काळी चार जी शार्प, काळी पाच ए शार्प. ओपन जी मुळातच पांढरी पाचचं आहे, म्हणून पहिल्या पडद्यावर कॅपो लावला की काळी चार मिळते, दुसऱ्यावर पांढरी सहा आणि तिसऱ्यावर काळी पाच. स्त्रियांच्या नेहमीच्या पट्ट्या इतक्यात आल्या.

काळी एकसाठी दोन मार्ग आहेत. पहिला म्हणजे ओपन सी आणि पहिल्या पडद्यावर कॅपो. ओपन सी म्हणजे सी, जी, सी, जी, सी, ई, अर्थात सा, प, सा, प, सा, ग. सहावी चार सेमीटोन उतरते, पाचवी आणि चौथी दोन-दोन उतरतात, दुसरी एक चढते, तिसरी आणि पहिली तशाच राहतात. याचा खर्ज भजनाला फार शोभतो. अडचण सहाव्या तारेची. तिचा ताण ३७ टक्क्यांनी घटतो, ती लोंबू लागते आणि जोरात छेडली की स्वर आधी चढून मग खाली बसतो. नेहमीच्या ०.०५३ इंचाऐवजी ०.०५६ ते ०.०५९ इंचाची तार घातली की ती ताठ राहते. दुसरा मार्ग साधा आहे : ओपन डी लावून सहाही तारा आणखी एक सेमीटोन उतरवा.

एकाच बैठकीत दोघांची साथ करायची असेल आणि गिटार एकच असेल, तर मध्येच ट्यूनिंग बदलू नका. गरम खोलीत, लोक वाट पाहत असताना ते कधीच नीट लागत नाही. ओपन जी ठेवून काकांसाठी सहाव्या पडद्यावर कॅपो लावा. आवाज पातळ होईल पण सुरात राहील.

दोन गोष्टी तपासूनच बसा. सैल तारा कॅपोखाली जास्त दाबल्या जातात आणि चढतात, म्हणून कॅपो पडद्याच्या अगदी लगत, जितका लागेल तितक्याच दाबाने लावा आणि त्यानंतर सहाही तारा पुन्हा मिळवा. दुसरं, प्रत्येक हार्मोनियम ४४० हर्ट्झला असेलच असं नाही. पेटीचा ए ट्यूनरला ऐकवा, तो ४४२ दाखवत असेल तर ट्यूनरचा आधार ४४२ वर आणा. पेटी बदलता येत नाही, गिटार येते.

प्रश्न (नाशिक) : डीएडीजीएडी या ट्यूनिंगमध्ये राग वाजवता येतात असं ऐकलं. कुठले?

हे ट्यूनिंग इंग्लंडचे डेव्ही ग्रॅहम यांनी १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला रूढ केलं, आणि फ्रान्सचे पिअर बेन्सुसान यांनी तर आपलं जवळजवळ सगळं वादन त्यातच उभं केलं. सहावी, दुसरी आणि पहिली तार दोन-दोन सेमीटोन उतरवली की ते लागतं : सा, प, सा, म, प, सा. यात गंधार नाही, म्हणून कॉर्ड मेजरही नसते आणि मायनरही नसते.

राग निवडताना प्रश्न एकच विचारायचा : मोकळ्या तारांतला प्रत्येक स्वर या रागात आहे का? वृंदावनी सारंग आणि दुर्गा इथे उत्तम बसतात, कारण दोन्हींत गंधार वर्ज्य आहे आणि शुद्ध मध्यम आहे. भीमपलासही चालतो, त्याचा कोमल गंधार बोटाने घ्यायचा. भूप मात्र इथे वाजवू नका. भूपात मध्यम नाही, आणि मोकळी तिसरी तार चुकून जरी छेडली गेली तरी राग मोडतो. यमनलाही शुद्ध मध्यमाची मोकळी तार मारक आहे. भूप आणि यमन ओपन डीमध्ये वाजवा, तिथे सा, ग, प एवढेच स्वर मोकळे आहेत आणि ते दोन्ही रागांत आहेत.

पहिली तार डीवर असताना पडदे असे मोजा : रे दुसरा, कोमल ग तिसरा, शुद्ध ग चौथा, म पाचवा, तीव्र म सहावा, प सातवा, कोमल ध आठवा, शुद्ध ध नववा, कोमल नी दहावा, शुद्ध नी अकरावा, तार सा बारावा. वृंदावनी सारंगासाठी वर जाताना ०, २, ५, ७, ११, १२ आणि उतरताना अकराव्याऐवजी दहावा. अंगठ्याने सहावी आणि चौथी तार आलटून पालटून छेडत राहायची.

मालकंसात पंचम नाही, म्हणून वरच्या दोन्ही ट्यूनिंगमध्ये तो अडतो. त्याच्यासाठी डी, जी, डी, जी, बी फ्लॅट, डी लावा. ओपन जीमध्ये फक्त दुसरी तार एक सेमीटोन उतरवायची. डीला सा धरला की हे सा, म, सा, म, कोमल ध, सा होतं आणि मालकंसाबाहेरचा एकही स्वर मोकळा राहत नाही. पाश्चात्त्य कानाला हेच ट्यूनिंग जी मायनर आहे, आणि धोकाही तोच. पाचवी तार वारंवार वाजली की कान जीला सा मानू लागतो. ती जपून वापरा आणि सहावी-चौथीचा षड्ज ठासून ठेवा.

मारवा किंवा पुरिया इथे आणू नये. पंचम नाही आणि षड्ज जपून लावायचा अशा रागाला अखंड वाजणाऱ्या सा-पच्या तारा नकोतच.

प्रश्न (मिरज) : ट्यूनर सहाही तारांना हिरवा दिवा देतो, तरी ओपन डीची कॉर्ड कानाला बोचते. आमच्याकडे तानपुरे बनतात, त्यामुळे कान कदाचित जास्तच चिकित्सक असेल.

तुमचा कान बरोबर आहे. ट्यूनर समान अंतरांच्या स्वरांवर चालतो. त्याचा गंधार सापासून ४०० सेंटवर (एका सेमीटोनचे १०० सेंट) असतो, तर तानपुऱ्याच्या खर्जाच्या तारेतून आपोआप उमटणारा गंधार ३८६ सेंटवर. नेहमीच्या ट्यूनिंगमध्ये १४ सेंटचा हा फरक बोटांच्या हालचालीत झाकला जातो. ओपन डीमध्ये तिसरी तार मोकळीच गंधाराची आहे आणि बाजूला पाच तारा सा-प घोकत असतात, त्यामुळे तो उघडा पडतो.

तो गंधार गिटारमधूनच काढता येतो. आधी सहावी तार डीला नीट लावा. मग तिच्यावर चौथ्या पडद्यापाशी, पण पडद्याच्या तारेपेक्षा किंचित नटच्या बाजूला बोट टेकवून हार्मोनिक काढा. हा पाचवा उपस्वर, साधारण ३६७ हर्ट्झचा. तिसऱ्या तारेचा बाराव्या पडद्यावरचा हार्मोनिक त्याच उंचीचा असायला हवा. ट्यूनरने लावलेल्या तारेवर तो ३७० हर्ट्झ येतो, आणि दोन्ही एकत्र वाजवले की सेकंदाला तीनेक लाटा ऐकू येतात. तिसरी तार हळूहळू उतरवा. लाटा थांबल्या की शुद्ध गंधार लागला.

स्लाइडने (तारांवर सरकवायच्या नळीने) वाजवत असाल किंवा फक्त आडव्या पट्टीच्या कॉर्ड धरत असाल, तर एवढ्यावर थांबा. प्रत्येक पट्टीत तोच गोडवा मिळेल. पण ई मायनर म्हणजे २ २ २ १ २ २ धरलीत तर उलटं होतं. तिथे तिसऱ्या तारेवर कोमल गंधाराचं काम असतं, तो मुळात समान अंतरापेक्षा १६ सेंट वर हवा असतो आणि तुमची तार १४ सेंट खाली आहे. फरक ३० सेंटचा होतो आणि कॉर्ड सरळ बेसूर लागते. मेजर आणि मायनर दोन्ही वाजवायच्या असतील तर तिसरी तार ट्यूनरच्या खुणेपेक्षा ५ ते ७ सेंटच खाली ठेवा.

प्रश्न (रत्नागिरी) : तारा उतरवल्यावर सहावी खरखरते. सॅडल (ब्रिजवरची, तारा टेकतात ती पट्टी) उंच करू?

लगेच नको. ओपन डीमध्ये १२ च्या सेटचा एकूण ताण ११ टक्क्यांच्या आसपास घटतो. मान सरळ होते आणि सैल तार जास्त रुंद हेलकावे घेते, त्यामुळे ती पडद्यांवर आपटते. आधी १३ चा सेट घालून बघा. डीवर उतरवलेली ०.०१३ इंचाची पहिली तार ईवरच्या ०.०१२ च्या ९३ टक्के ताण देते, आणि ०.०५६ ची सहावी ०.०५३ च्या जवळपास ८९ टक्के. हा सेट घातल्यावर मात्र गिटार परत नेहमीच्या ट्यूनिंगला चढवू नका, बनवणाऱ्याने तेवढा ताण चालेल असं म्हटलं असेल तरच चढवा.

तरीही खरखर राहिली तर मान मोजा. पहिल्या पडद्यावर कॅपो, सहावी तार चौदाव्यावर दाबलेली, आणि सातव्यापाशी तार व पडदा यांच्यात ०.२ ते ०.२५ मिलिमीटर फट हवी. फट नसेल तर ट्रस रॉड (मानेच्या आतली सळई) घड्याळाच्या उलट दिशेने पाव फेरा सैल करा, पुन्हा ट्यून करा, आणि दुसऱ्या दिवशी परत मोजा. एका वेळी पाव फेऱ्यापेक्षा जास्त नाही. कोकणातल्या पावसाळ्यात लाकूड दमट होऊन वरची फळी फुगते आणि तारांची उंची आपोआप वाढते, म्हणून हे माप ऑगस्टमध्ये घेऊन वर्षभरासाठी धरू नका.

रोज दोन्ही ट्यूनिंग वापरत असाल तर ट्रस रॉडला हातच लावू नका.

प्रश्न (मडगाव) : स्लाइडने वाजवायचं तर कुठलं ट्यूनिंग, आणि स्वर नेहमी थोडा कमी का लागतो?

ओपन डी किंवा ओपन जी. बोटाने आपण पडद्याच्या अलीकडे दाबतो, स्लाइडची नळी मात्र पडद्याच्या धातूच्या पट्टीच्या बरोबर वर हवी. सवयीने ती अलीकडे राहते, म्हणून स्वर कमी लागतो. नळी करंगळीत घाला, तार लाकडाकडे दाबू नका, नुसती टेकवा. मागची दोन-तीन बोटं तारांवर हलकी पसरलेली असू द्या, नाहीतर नळीच्या मागचा तुकडाही गुणगुणत राहतो. तारा १३ च्या हव्यात आणि नटपासून थोड्या उंच. मांडीवर आडवी घेऊन वाजवायची असेल तर नटवर बसणारी उंच पट्टी मिळते, ती बसवा.

मींडेसाठी गिटार आडवी घेण्याची वाट आपल्याकडे ब्रिजभूषण काबरा यांनी घट्ट केली. शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसिया यांच्यासोबतची त्यांची १९६७ ची ‘कॉल ऑफ द व्हॅली’ ध्वनिमुद्रिका स्लाइड शिकणाऱ्याने कान देऊन ऐकावी. विश्वमोहन भट्ट यांची मोहनवीणाही याच कुळातली, तिला तरफेच्या तारा जोडलेल्या असतात.

थोडक्यात

*नायलॉनच्या तारांवर चालेल का?* (अकोला) उतरवण्याची ट्यूनिंग चालतात, ओपन जी आणि डीएडीजीएडी विशेष चांगली. स्लाइड नाही, नायलॉनवर ती आवाजच धरत नाही.

*तरंगत्या ब्रिजची इलेक्ट्रिक गिटार आहे.* (नागपूर) त्यावर टाळा. तिथे मागच्या स्प्रिंगा तारांच्या ताणाला तोलून धरतात. एक तार उतरवली की ब्रिज मागे झुकतो आणि बाकी पाचही चढतात. ओपन ट्यूनिंगसाठी पक्क्या ब्रिजची गिटार घ्या, किंवा मागच्या पोकळीत लाकडाची चीप घालून ब्रिज जागीच रोखा.

*रोज ट्यूनिंग बदलल्याने तारा लवकर जातात का?* (सोलापूर) जातात. झिजतात त्या नट, सॅडल आणि खुंटीच्या वळणापाशी, आणि बहुधा पहिली किंवा तिसरी आधी तुटते. या दोन जाडीच्या सुट्या तारा गिटारच्या पेटीत ठेवत जा.